सोबती भजन मंडळ, सेक्टर सहा

सेक्टर ६, भिलाई
१२ जून १९९४

चि. ओम,

आशीर्वाद. भरपूर पाठवतेय, त्यात थोडी चीडही मिसळली आहे, ती तुझी तू निवडून घे. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांची पानंच्या पानं जुळवतोस आणि आईच्या वाट्याला तीन ओळी? 'मी बरा आहे. काम बरं आहे. काळजी नसावी.' अरे, काळजी नसावी हे काय तू ठरवणार? कलकत्त्यात मासे खायला लागलास का, तेवढं तरी लिही. खात असशील तर मी रागावणार नाही. फक्त इथं आल्यावर माझ्या भाजीला नाकं मुरडू नकोस.

आता बातमी. गुरुवारी दुपारी दार वाजलं. उघडलं तर मोहन नगरची शीला. तीच, जिला बघायला आपण दोन वर्षांपूर्वी दुर्गला गेलो होतो. मला वाटलं, ही आता भांडायला आली. मी पदर खोचूनच उभी राहिले. पोरगी खाली वाकली, पाया पडली आणि म्हणाली, "काकू, चहा देता का? धूप बहुत है."

त्या दिवशीचं मला अर्धंच माहीत होतं रे. मी आत बायकांमध्ये बसले होते. बाहेर बैठकीत एकदम सगळे गप्प झाले एवढंच तेव्हा कळलं, बाकीचं मागाहून. तू पोह्यांची बशी हातात धरून तिच्या वडिलांना सांगितलंस की मुलगी चांगली आहे, दोष माझ्यात शोधू नका आणि तिच्यातही नको, मला बायको नकोच, मी पुरुषांवर जीव लावणारा माणूस आहे. बशी तरी खाली ठेवायची होतीस! दुसऱ्या दिवशी मी दळण घेऊन आले तर घरात तू नाहीस आणि तुझी ट्रंकही नाही. बाबा स्कूटर लावत होते. म्हणाले, "दुर्गच्या स्टेशनवर पोचवून देला त्याले." मला डबासुद्धा करू दिला नाही. हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही, आणि हे त्यांनाही माहीत आहे.

शीला सांगत होती, "बैठकीच्या आधी अंगणात ओमनं मले सांगितलं ना काकू, तर मले हसूच आलं. मी म्हटलं, चलो, दोनों बच गये. मीपण तशीच आहो." एवढं बोलून ती चहा फुंकत बसली. मी तिच्याकडे बघत राहिले. मग मला तुम्हा दोघांचंही एकदम हसू आलं. दोन घरची माणसं नवे कपडे घालून पोहे खात बसली होती, आणि ज्यांच्यासाठी एवढा थाट, ती दोघं अंगणात सुटकेचा श्वास टाकत होती.

पुढचं ऐकून मात्र मी भडकले. तू तिला कलकत्त्याहून पत्रं लिहितोस. लांबलचक! तिकडे तुमच्यासारख्यांचं मंडळ आहे, ते कसं चालतं, काय काम करतं, सगळं. त्यावरून तिनं इथं 'सोबती' नावाचं मंडळ काढलं, दुर्गच्या पोस्टात पेटी घेतली. राजनांदगाव, बालोद, दल्ली राजहरा, कुठून कुठून एकटीदुकटी माणसं लिहितात म्हणे. एका बागेत भेटायचे तर तिथला चौकीदार काठी आपटत यायचा. कोणाच्याच घरी जमण्यासारखं नाही. तेव्हा तू तिला लिहिलंस, "जागा पाहिजे असेल तर माझ्या आईला विचार."

म्हणजे आई आठवते. कामापुरती का होईना.

मी हो म्हटलं. रविवारी दुपारी या म्हटलं. आता माझंही एक काम ऐक. डिसेंबरअखेर तुझे बाबा स्टील प्लांटमधून रिटायर होतात. क्वार्टर कंपनीला परत द्यायचं आणि गावी, आर्वीला जायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. तू रांगलास याच घरात. मागच्या दाराला तू खिळ्यानं कोरलेलं इंजिन अजून आहे. हे घर आपलं आहे तोवर तू एकदा या दारातून आत यावंस, एवढंच मला पाहिजे. तू म्हणतोस, बाबांनी स्वतः बोलावलं तरच येईन. ते म्हणतात, मी हाकललं कुठं, मी तर पोचवून दिलं. एकाच मातीचे दोन हट्टी माझ्याच नशिबी यायचे होते.

तुझी,
आई


३ जुलै १९९४

चि. ओम,

तुझं पत्र पोचलं. या वेळी चक्क दोन पानं! मासे खातोस हेही कळलं. ठीक आहे.

रविवारची मंडळी सुरू झाली. पहिल्या दिवशी तुझ्या बाबांनी खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "कोन लोक आहे हे?" मी म्हटलं, "ओमचे." ते उठले. पेपर उचलला आणि आतल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. मी चहा आत नेऊन दिला. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

तुला सगळ्यांची पत्रांतून ओळख आहे, पण मी डोळ्यांनी बघतेय म्हणून सांगते. देवीदास रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवतो. एवढा उंच, एवढ्या मिशा आणि बोलतो इतकं हळू की मला स्वयंपाकघरातून बाहेर यावं लागतं. लहानू दुर्गला रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचा कामगार आहे, विशीतला, सारखा दाराकडे बघतो. घरचे त्याचं लग्न ठरवायच्या मागे आहेत, तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. माझ्याकडे मात्र तीन पोळ्या खाल्ल्या. आणि पंचफुला. ती राजनांदगावकडची, इथल्या पॉवर हाऊस भागातल्या बाजारात ब्लाऊज शिवते. जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा म्हणून पेढे वाटले होते. आता साडी नेसते, आणि माझ्यापेक्षा चापूनचोपून नेसते. खरं सांगू? दारात तिला बघून मला काय बोलावं कळेना. तोंडातून निघालं, "साडीला फॉल कोणाकडून लावतेस?" ती म्हणाली, "मैं खुदे लगाथौं, दाई." दाई म्हणजे आई ना रे त्यांच्यात. पहिल्याच वाक्यात मला आई करून मोकळी झाली. माझ्या तीन साड्या घेऊन गेली आहे फॉल लावायला.

हे लोक काय करतात, तर आलेली पत्रं वाचतात, उत्तरं लिहितात, कोणाला घरच्यांनी मारलं तर कुठं ठेवायचं ते बघतात, कोणाला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर सोबत जातात. आणि खूप हसतात. एवढं हसू या खोलीत बऱ्याच दिवसांनी ऐकलं. शीला त्यांच्यासाठी एक शब्द वापरते, समलिंगी. मला तो सरकारी वाटतो. मी आपली 'आमची मंडळी' म्हणते.

आता एक गोंधळ झालाय, तो सांगते. शेजारच्या अंजनाबाईंना तू ओळखतोसच, त्यांच्या मेंदीच्या कुंपणातून मुंगी गेली तरी त्यांना कळतं. मी कपडे वाळत घालत होते तर म्हणाल्या, "कलावतीबाई, दर रविवारी कोन येऊन राहिलं वं तुमच्याकडं? ते मिशीवाला, ते बाई?" माझ्या डोळ्यांसमोर देवीदासची नोकरी आली, लहानूचा बाप आला. आणि मी म्हटलं, "भजन मंडळ आहे."

आता भजन मंडळ म्हटलं की भजन ऐकू आलं पाहिजे. म्हणून असं ठरलं की उठायच्या आधी एक भजन म्हणायचं, कुंपणापलीकडे पोचेल इतक्या जोरात. ओम, माझ्या लेकरा, तू ते ऐकायला हवं होतंस. चौघांचे चार सूर आणि पंचफुलाच्या टाळाचा पाचवा. मी पदरात तोंड लपवून हसत होते.

तुझी,
आई


३१ जुलै १९९४

चि. ओम,

मी तोंडघशी पडले. हस तू.

अंजनाबाईंचे यजमान शामराव आपल्या सेक्टरच्या गणपतीचे सेक्रेटरी आहेत. परवा सायकल थांबवून मोठ्या आनंदानं म्हणाले, "वहिनी, यंदा तुमचं भजन मंडळ घेतलं बरं का आम्ही. बुधवार संध्याकाळ. 'सोबती भजन मंडळ, सेक्टर सहा.' नाव छापाले देऊन टाकलं." त्यांना मंडळाचं नाव कुठून कळलं, तर मीच अंजनाबाईंना सांगून बसले होते. खोटं बोलायचं तर पूर्ण तरी बोलावं, मी अर्धं खरं सांगून ठेवलं.

आज मंडळी जमली तर सगळ्यांचे चेहरे उतरलेले. शीला म्हणाली, "कॅन्सल करून टाकू काकू, म्हणू कोणीतरी बीमार आहे." देवीदास हळूच म्हणाला, "कॅन्सल केलं तर लोक कावून म्हणून इचारतीन." ते खरंच होतं. मंडळ आहे, दर रविवारी जमतं, आणि गणपतीपुढे गात नाही, म्हणजे मग जमून करतं काय? तेव्हा शिकायचं ठरलं. लहानूनं सुरुवात केली, शीलानं पुढची ओळ आधीच गाठली, देवीदासचा आवाज मिशीतच अडकला, आणि पंचफुला डोळे मिटून भलत्याच ठिकाणी टाळ वाजवत राहिली.

आणि आतलं दार धाडकन उघडलं.

तुझे बाबा. बनियनवर. हातात त्यांची भजनाची खंजिरी. तू गेल्यापासून ती कपाटावर पडून होती. मी वर चढून पुसते कधी कधी, पण त्यांनी हात लावला नव्हता. मला वाटलं, आता सगळ्यांना बाहेर काढतात.

"काय लावलं हे?" म्हणाले. "महिनाभर ऐकून राहिलो मी आतून. डोक्याचा पार भुगा झाला. अरे, ताल म्हणजे काय भाजीबाजार आहे, वाटन तिथं घेतला?"

सगळे उभे राहिले. पंचफुला तेवढी बसून होती. ती म्हणाली, "त सिखाओ न बाबूजी. भीतरी ले गुस्सा करे ले का होही?" आतून रागावून काय होणार, असं विचारलं तिनं, ते कळायला बाबांना भाषांतर लागलं नाही. त्यांना उलट उत्तर करणारं माणूस या घरात दोन वर्षांत कोणी नव्हतं. मी सोडून. ते पुढे आले. मग चटईवर तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"तुम्ही कोन अन् कसे, ते मले माहीत आहे," म्हणाले. "मी काही बोललो नाही, बोलनार नाही. पन माझ्या घरात बेसूर चालनार नाही. धर टाळ. असा नाही. असा."

ओम, संध्याकाळ होईपर्यंत शिकवत होते. चहा गार झाला तरी भान नाही. लहानूला दोनदा ओरडले, शीलाला म्हणाले, "बाई, रेल्वे सुटून नाही राहिली, दमानं." पंचफुलाच्या टाळावर मात्र त्यांचा जीव मेटाकुटीला आला. तिला ताल येतच नाही रे, काय करणार. मंडळी गेल्यावर मला म्हणाले, "त्या पंचफुलाले जास्त शिकवा लागन. बुधवारी पन ये म्हना तिले."

मला वाटतं, गोष्टी वळताहेत. तू काय म्हणतोस?

तुझी,
आई


२४ ऑगस्ट १९९४

चि. ओम,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'बाबा भजन शिकवतात याचा आनंद आहे, पण भजन शिकवणं म्हणजे मला बोलावणं नाही.' मला राग आला, मग वाटलं, बरोबर आहे तुझं. परक्या पोरांशी गोड वागणं सोपं असतं. स्वतःच्या पोराला ये म्हणायला जीभ जड होते. मी ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं त्यांना. ऐकलं, आणि खंजिरी सारखी करत बसले.

आता वेगळंच सांगते. लहानूच्या घरी लग्नाची बोलणी पुढे गेली. पोरगा वाळून काडी झाला. शीला म्हणाली, मंडळाकडून कोणीतरी जाऊन त्याच्या आईशी बोलायला पाहिजे, आणि आपल्यातलं कोणी गेलं तर ती दारही उघडणार नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे आता मी मंडळाची वकील झाले. मी आणि शीला दुर्गला रेल्वे क्वार्टरला गेलो.

लहानूची आई रुक्मा. माझ्याच वयाची, कपाळावर मोठं कुंकू, हात राखेनं भरलेले, भांडी घासत होती. बसा म्हणाली. मी आपलं सगळं बोलले. लेकरू आपलं आहे, ते असंच घडलंय, त्यात त्याचा दोष नाही, एका दुसऱ्या पोरीचं आयुष्य कशाला बांधायचं त्याच्याशी. चांगलं बोलत होते मी, शीलासुद्धा मान हलवत होती. रुक्मानं सगळं ऐकून घेतलं. मग हात धुतले, पदराला पुसले आणि विचारलं, "तुमचा पोरगा बी असाच आहे म्हनता. मंग कुठं असते तो?"

मी म्हटलं, "कलकत्त्याला."

"घरी येते का?"

मी काय सांगू, ओम?

ती म्हणाली, "आदी तुमच्या घरात घ्या त्याले, बाई. मंग मले सांगाले या. तोवर मी माया पोराचं लगन मोडत नाही." वाईट बोलली नाही रे. चहाही दिला. पण मी तो अर्धाच ठेवून उठले. परत येताना टेम्पोत शीला माझा हात धरून बसली होती.

घरी आल्यावर तुझ्या बाबांना जसंच्या तसं सांगितलं. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. म्हटलं, तुमच्या हट्टापायी मी आज एका बाईसमोर खोटी ठरले, आणि एका पोराचं आयुष्य त्यात अडकलंय. त्यांनी ताट पुढे ओढलं, मागे सारलं. मग अंगणात जाऊन स्कूटर धुवायला घेतली. धुतलेलीच होती, सकाळीच धुतली होती.

रुक्माला मी बुधवारच्या कार्यक्रमाला ये म्हणून सांगून आले आहे. म्हटलं, तुझं पोरगं गाणार आहे, निदान ते तरी ऐक.

तुझ्यावरही मी थोडी रागावले आहे, हे लिहून ठेवते. पण वाळलेले कपडे घालत जा, तिकडे ओल फार असते म्हणतात. डबा पाठवतेय शेवेच्या लाडवांचा.

तुझी,
आई


१६ सप्टेंबर १९९४

माझ्या लाडक्या ओम,

घाईत लिहितेय, अक्षर वाईट आलं तर समजून घे. बुधवारी झालं ते कालच लिहायला बसले होते, पण दिवसभर माणसं येत राहिली. घरात पाहुण्यांची जत्राच भरली.

बुधवारी संध्याकाळी मंडपात गर्दी चांगली होती. जनरल शिफ्टची माणसं घरी येऊन हातपाय धुऊन आलेली, पोरं पुढे सतरंजीवर. देवीदासनं शिफ्ट बदलून घेतली होती. शीला अबोली रंगाच्या साडीत. लहानू पुन्हा पुन्हा पाणी पीत होता. पंचफुलानं स्वतः शिवलेलं नवं ब्लाऊज, केसात गजरा, मला म्हणाली, "दाई, मोर टाळ बिगड़ही त मैं भाग जाहूं." टाळ बिघडला तर पळून जाईन म्हणे. मी म्हटलं, पळ, पण माझ्या साड्या देऊन पळ.

आणि स्टेजमागे शामराव आले. चेहरा पडलेला. तुझ्या बाबांना बाजूला घेतलं, पण शामरावांचं बाजूला घेणं म्हणजे अर्ध्या मंडपाला ऐकू जातं. "बाबारावजी, वाईट नका वाटू देऊ. बाकी समदे ठीक आहे. पन ते... ते बाई स्टेजवर नको. काही लोक बोलून राहिले. गनपतीचं काम आहे. खाली बसू द्या तिले."

पंचफुलानं ऐकलं. टाळ पिशवीत ठेवायला लागली. इतक्या सवयीनं ठेवत होती की मला रडू आलं. अशा किती जागांवरून ती पिशवी घेऊन उठली असेल.

तुझे बाबा म्हणाले, "टाळ बाहेर काढ."

मग शामरावांना म्हणाले, "आमच्या मंडळात टाळ ही वाजवते. मीच शिकवला तिले. अजून चुकते, तरी तीच वाजवनार. ही खाली बसली तर मीपन खाली बसतो, अन् तुम्ही माइकवर सांगा लोकाइले, कावून बसलो ते."

शामराव वाईट माणूस नाही, घाबरट आहे. त्यानं डोकं खाजवलं, मागे बघितलं, आणि पडदा सरकवायला सांगितला.

ओम, ते गायले. मी आई म्हणून सांगत नाही, खरंच गायले. गावाकडच्या चालीतलं, तुम्ही दोघं म्हणायचात तेच. बाबांनी ओळ टाकायची आणि मागच्यांनी उचलायची. तुला आठवतं, तू त्यांच्या डाव्या हाताला बसायचास आणि त्यांचा श्वास संपायच्या आत ओळ उचलायचास? बाबांनी डावीकडची जागा रिकामी ठेवली होती. सगळे उजवीकडे दाटीवाटीनं बसले होते, देवीदासचा गुडघा शीलाच्या मांडीवर, आणि डावीकडे नुसती सतरंजी. मी तालमीत विचारलं होतं तर म्हणाले, खंजिरीचा हात लागते. पंचफुला दोन ठिकाणी चुकली. बाबांनी खंजिरी तिच्या चुकीच्या टाळावर आणून बसवली, कोणाला कळलंही नाही. मला कळलं.

टाळ्या पडल्या. शामरावांच्या जिवात जीव आला. माइक घेऊन, वातावरण हलकं करावं म्हणून, गमतीनं म्हणाले, "बाबारावजी, ते डाव्या हाताची जागा कावून खाली ठेवली? तिथं तर तुमचा ओमप्रकाश बसत होता ना?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. अख्ख्या सेक्टरला माहीत आहे तू का गेलास. कोणी तोंडावर बोलत नाही, एवढंच. तिसऱ्या रांगेत रुक्मा बसली होती. ती पुढे झुकली.

बाबांनी माइक मागितला. मला वाटलं, टाळतील. काहीतरी पुटपुटून नमस्कार करतील. त्यांनी माइक तोंडाजवळ धरला, फार जवळ, त्यामुळे आवाज दूरच्या मैदानापर्यंत घुमला.

"ते जागा ओमचीच आहे," म्हणाले. "येऊन राहिला तो. दिवाळीले येऊन राहिला. हे समदे त्याचे सोबती, हे मंडळ त्याचंच आहे. मी मधात शिरलो. माहा पोरगा जसा आहे तसा माया घरी येऊन राहिला, अन् कोनाले काही म्हनाचं असन तं घर माहीत आहे सगळ्याइले. येऊन मले म्हना."

एवढंच. माइक शामरावांच्या हातात दिला आणि खाली उतरले. उतरताना पायरी चुकली, देवीदासनं धरलं.

अंजनाबाई माझ्याशेजारी होत्या. मी तोंडावर पदर घेऊन रडत होते. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "मले पहिल्याच रविवारी समजलं होतं वं. इतकं बेसूर भजन कोनी उगीच कावून करन?" काल सकाळी कुंपणावरून त्यांनी मोदक दिले, सगळ्या मंडळींसाठी. सगळेच असे नाहीत. दोन घरांनी दारं लावून घेतली आहेत. देवीदासला कँटीनमध्ये कोणीतरी टोमणा मारला. तो म्हणाला, चालते काकू, क्रेनवर बसलो की खालचं काही ऐकू येत नाही.

रुक्मा काल आली होती, दुर्गहून, एकटी. ओट्यावर बसली. म्हणाली, "कधी येते तुमचा पोरगा? मले पाहाचा आहे त्याले. घरात कसा वागते, कसा बोलते, पाहाचं आहे. तोवर मी लहानूच्या लग्नाचं थांबवलं." तेव्हा लेका, तू फक्त आमच्यासाठी येत नाहीस, हे ध्यानात ठेव. लहानू तुझ्या तोंडाकडे बघत बसणार आहे.

तुझी अट होती, बाबांनी बोलावलं पाहिजे. अरे, बोलावलं. तुझ्या बापानं तुला लाउडस्पीकरवर बोलावलं. सेक्टर सहानं ऐकलं, दुर्गच्या रुक्मानं ऐकलं, गणपतीनं ऐकलं. ऐकायचा राहिलास तो एकटा तूच. म्हणून हे लिहितेय.

आणि हो, आर्वीचं बारगळलं. काल मी सामानाचं बोलायला लागले तर म्हणाले, "आर्वीले गेलो तर हे मंडळ बसन कुठं?" शीलानं मोहन नगरला दोन खोल्या बघितल्या आहेत, जानेवारीपासून मिळतील. पुढची खोली मोठी आहे. दिवाळी मात्र याच घरात, मागच्या दारावरचं तुझं इंजिन बघत.

आत्ता मी लिहितेय आणि हे दारात उभे आहेत. तिसऱ्यांदा आले. आधी विचारलं, कलकत्त्याची गाडी दुर्गला किती वाजता येते, विचार त्याला. मग म्हणाले, लिही, रिक्षा करू नको म्हणावं, मी स्कूटर घेऊन येतो. आता म्हणतात, "ट्रंक घेऊन ये म्हना."

मी म्हटलं, स्कूटरवर ट्रंक मावणार कशी? गेल्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं ना, पोराच्या मांडीवर ठेवावी लागली, सगळ्या रस्त्यानं त्याचे गुडघे सोलून निघाले असतील म्हणून.

त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. मग म्हणाले, "ट्रंक माया मांडीवर ठेवीन. गाडी त्याले चालवू दे."

तुझी,
आई